डावी बाही

गुरव मॅडमनी ब्लाउज काउंटरवर पसरला आणि म्हणाल्या, "हेमाताई, मला हात दोन आहेत."

आईनं चष्मा वर सरकवला. आधी ब्लाउजकडं पाहिलं, मग मॅडमच्या हातांकडं.

"आहेत की," ती म्हणाली.

"मग बाही एकच का?"

"दोन आहेत मॅडम." आईनं उजवी बाही चिमटीत धरून उचलली. "ही एक." मग ती खाली ठेवली, तीच पुन्हा उचलली. "आणि ही दुसरी."

मी मागं स्टुलावर बसून कॉस्टिंगच्या पुस्तकात दडवलेला वडापाव खात होतो. तेव्हा मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि घरात कुठलीही अवघड वेळ आली की काहीतरी फालतू बोलायचं, हे काम माझ्याकडं होतं. ते मला कुणी दिलं नव्हतं, पण दुसरं कुणी करतही नव्हतं.

"मॅडम, नवीन फॅशन आहे," मी म्हणालो. "फळ्यावर लिहायचा हात झाकलेला, दुसऱ्याला हवा लागते."

गुरव मॅडमनी मला सातवीत इतिहास शिकवला होता. "शशांक, तू तेव्हाही असाच होतास," त्या म्हणाल्या. पण हसल्या.

"अर्ध्या तासात घरी आणून देतो," मी म्हणालो.

त्या गेल्या. आई पुन्हा मशीनवर बसली आणि पायपट्टी हलवत म्हणाली, "शिकवून शिकवून डोकं फिरतं बाई माणसाचं."

तासगावात आमचं दुकान म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. पाटीच्या एका अर्ध्यावर 'हेमा लेडीज टेलर्स, ब्लाउज स्पेशालिस्ट' आणि दुसऱ्या अर्ध्यावर 'पोरे शिलाई मशीन दुरुस्ती'. ब्लाउज आई शिवायची. मशीन अण्णा दुरुस्त करायचे, म्हणजे माझे वडील. तालुक्यातल्या अर्ध्या मशिनी त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या आणि कुठलीही मशीन नुसत्या आवाजावरून कुठं दुखतंय ते ते सांगायचे. माणसांच्या बाबतीत त्यांना हे जमत नसे, असं मला तेव्हा वाटायचं.

मी ती बाही शोधली. आईच्या मशीनच्या डाव्या बाजूला कातरणांची टोपली असते, तिच्या मागं सापडली. एकटी नव्हती. सात बाह्या होत्या, सात रंगांच्या. काठ दुमडलेला, शिलाई मारलेली, माप बिनचूक. सगळ्या डाव्या.

मी त्या हातात घेऊन उभा राहिलो. सात डाव्या बाह्या हातात घेऊन उभं राहिलेल्या माणसानं काय करायचं असतं, हे कॉस्टिंगच्या पुस्तकात नव्हतं.

आता मागचं थोडं सांगायला हवं. त्याच्या चार वर्षं नऊ महिने आधी आईचा उजवा स्तन काढला होता. आमच्या घरात त्या आजाराचं नाव घेत नसत, 'ते' म्हणत. 'ते झालं तेव्हा', 'ते व्हायच्या आधी'. ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले, केस आले, आधीपेक्षा कुरळे आले. आईनं स्वतःसाठी ब्लाउजच्या आत बसेल अशी एक छोटी गादी शिवली. आधी तिच्यात कापूस भरला, तो वर सरकायचा. मग राळ्याचे दाणे भरले, ते हलके पडले. शेवटी मोहरी बरोबर बसली. पाव किलो मोहरी अंगावर घेऊन ती चार वर्षं गावभर फिरली आणि कुणाला कळलं नाही, याचा तिला अभिमान होता. "फिटिंग म्हणजे हे," असं ती म्हणायची.

तेव्हाचे सर्जन अण्णांना म्हणाले होते, "पाच वर्षं नीट गेली की बरीचशी काळजी मिटते." अण्णांनी त्यातलं 'बरीचशी' गाळलं. पाच वर्षं म्हणजे पाच वर्षं. दरवर्षी त्या तारखेला ते काही न बोलता अर्धा किलो जिलेबी आणायचे आणि आम्ही काही न बोलता खायचो. चार जिलेब्या झाल्या होत्या. पाचवीला तीन महिने उरले होते.

तर मी सुईत दोरा ओवला आणि गुरव मॅडमची बाही जोडली.

मला शिवता येतं. ज्या घरात लहानपणी खेळायला रिकामी रिळं असतात तिथं ते येतंच. पण बाहीला पुढचं आणि मागचं असतं. पुढची गोलाई जास्त खोल कापलेली असते. ते मी विसरलो आणि पहिली बाही उलटी बसली. गुरव मॅडमना त्या ब्लाउजमध्ये डावा हात पुढं करता आला नसणार. पण त्या परत आल्या नाहीत. माणसं एका तक्रारीनंतर दमतात.

दुपारी जेवल्यावर आई तासभर पडायची. त्या तासात माझा कारखाना चालायचा. मागच्या खोलीत एक जुनं हातमशीन होतं. तयार ब्लाउजांच्या गठ्ठ्यातून मी एकेक काढायचो, टोपलीमागून जोडीची बाही काढायची आणि लावायची. कधी बाही जागेवर असायची आणि हुकाची पट्टीच नसायची. एका ब्लाउजला गळ्याच्या कडेची पायपिनची पट्टी निम्म्यात सोडली होती. निम्म्यापर्यंत अशी सुबक की हात फिरवावा, आणि पुढं काहीच नाही, जणू कापड तिथंच संपत होतं.

तोपर्यंत बाकीचंही सुरू झालं होतं. सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखायचं आणि एकदम उलटी व्हायची. ते पित्त ठरलं. जाता येता डावा खांदा दाराच्या चौकटीला लागायचा. दार अरुंद ठरलं. कुंकू उजवीकडं सरकलं. आरसा तिरका ठरला, अण्णांनी खिळा बदलला. एक दिवस ती उजव्या बाजूचे केस नीट विंचरून, डावे तसेच मोकळे सोडून बाहेर आली.

"आई, अर्धी आंघोळीला राहिलीय काय?" मी म्हणालो.

तिनं हात लावून पाहिला आणि खुदकन हसली. मग आत गेली आणि तशीच परत आली.

एकदा मशीनवरून उठताना म्हणाली, "शशा, हनुवटी बधिर झालीय रे. दातवाल्यानं सुई मारल्यावर होतं तशी."

"बोलून बोलून झाली असेल."

"मी कुठं बोलते? बोलतोस तू."

"मग माझी बधिर व्हायला पाहिजे होती. चुकीच्या पत्त्यावर गेली."

ती हसली. हसताना तोंडाचा एकच कोपरा वर गेला. तेही मी पाहिलं. मी सगळं पाहत होतो, हे मला इथं लिहून ठेवायचं आहे. मला काही दिसलं नव्हतं असं मी कधीच म्हणू शकत नाही.

माझा हिशोब सरळ होता. तीन महिने. कुणी काही पाहिलं नाही, कुणी काही बोललं नाही आणि पाचवी जिलेबी खाऊन झाली की पुढं जे होईल ते 'ते' नसणार, दुसरंच काहीतरी असणार. मुदत संपल्यावर आलेला अर्ज बाद होतो तसं. वीस वर्षांचा, बऱ्यापैकी मार्क मिळवणारा मुलगा असा विचार करू शकतो. मी केला. त्यासाठी मी दुपारची दोन तासांची लेक्चर्स बुडवली आणि हजेरी भरावी म्हणून आजी वारल्याचा अर्ज दिला. आजी दहा वर्षांपूर्वीच वारली होती, त्यामुळं तो तसा खोटा नव्हता.

अण्णांचं निदान वेगळं होतं. आईच्या शिलाया तिरक्या जायला लागल्या तेव्हा त्यांनी मशीन वर्तमानपत्रावर उघडली.

"टायमिंग गेलंय," ते म्हणाले.

दुपारभर बसून त्यांनी टायमिंग, म्हणजे सुई आणि शटलचा मेळ, लावलं. दुसऱ्या दिवशी शिलाई पुन्हा तिरकी. पुढच्या आठवड्यात शटल बदललं. मग कापड पुढं ढकलणारे दाते बदलले. मग गिऱ्हाइकाची दुरुस्तीला आलेली नवी कोरी मशीन आईपुढं ठेवली. तिच्यावरही शिलाई उजवीकडंच गेली.

"हल्लीच्या मशिनी," अण्णा म्हणाले.

"माझी शिलाई सरळ आहे," आई म्हणाली.

"तुझी सरळच आहे गं. कापड ओढतंय."

"कापड कसं ओढेल?"

"ओढतंय ना," अण्णा एकदम ओरडले. ते कधी ओरडत नसत. मग त्यांनी तेलाची बाटली उचलली आणि आधीच तेल घातलेल्या जागी पुन्हा तेल घातलं.

याच दरम्यान कॉलेजमधली एक मुलगी दुकानात आली. गुरव मॅडमच्या त्या पहिल्या ब्लाउजचं कुणीतरी कुणाला तरी सांगितलं होतं. "काकू, ते एका बाहीचं तुम्ही शिवता ना, मला गॅदरिंगला तसलंच पाहिजे."

आईला इतका राग आला की तिनं कात्री खाली ठेवली. "एका बाहीचं? बाई आहेस का पुतळा? असले प्रकार मी आयुष्यात शिवले नाहीत आणि शिवणार नाही." मुलगी निघून गेली. आईच्या मांडीवर त्या वेळी एका बाहीचा ब्लाउज होता.

मी मागच्या खोलीत जाऊन खूप हसलो. मग हसणं थांबेना, म्हणून तोंडावर कातरणांची पिशवी धरली.

असे सहा आठवडे गेले. माझ्या बाह्या सुधारत होत्या.

मग एका सकाळी, अकराच्या सुमाराला, मी कॉलेजला निघत असताना आईचा डावा हात उडायला लागला. ती कापड धरून बसलेली, पाय पायपट्टीवर आणि हात आपोआप झटके देतोय. तिचं त्याकडं लक्षही नव्हतं. ती पुढं बघत होती, कुणीतरी दारात येणार असल्यासारखी. मग ते झटके खांद्यात चढले, चेहऱ्यात चढले आणि ती डावीकडं कलली.

अण्णा शेजारी होते. त्यांनी झेप घेऊन आधी मशीनचं चाक धरलं, मग आईला.

हे मी नंतर त्यांना कधी बोलून दाखवलं नाही.

मिरजेला जायला शेजारच्या तांबोळ्यांची गाडी मिळाली. ते द्राक्षाच्या पेट्या उतरवून नुकतेच आले होते. मागच्या सीटवर आईचं डोकं माझ्या मांडीवर. कवठेएकंदच्या पुढं ती शुद्धीवर आली आणि म्हणाली, "मशीन बंद केली का?" अण्णा पुढून म्हणाले, "केली, केली." त्या प्रवासात एवढंच बोलणं झालं.

हॉस्पिटलात एक रात्र गेली, एमआरआय झाला, सलाइनमधून सूज उतरवायचं औषध सुरू झालं, कमरेतून सुई घालून पाणी काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉ. अत्तार मॅडमनी आम्हा दोघांना खोलीत बोलावलं. पन्नाशीच्या बाई, आवाज हळू. त्यांनी फिल्म उजेडावर लावली. मेंदू मी पहिल्यांदाच पाहत होतो. आईचा. त्यात पांढरे ठिपके होते.

"पाच आहेत," त्या म्हणाल्या. "हा उजवीकडं मागचा सगळ्यात मोठा. याच्याभोवती सूज आहे. मेंदूचा हा भाग डाव्या बाजूचं भान ठेवतो. त्यांना डावा डोळा आहे, डावा हात आहे, पण डावी बाजू म्हणून काही असते हेच मेंदू विसरतो."

"पण ते तर काढलं होतं," अण्णा म्हणाले. "चार वर्षं साडेदहा महिने झाले."

"काढलं ते नीटच काढलं होतं. पण काही पेशी त्याच्या आधीच रक्तातून बाहेर पडल्या असाव्यात. मेंदूला एक कुंपण असतं. रक्तातलं हवं नको ते पाहून आत सोडणारं. केमोची बरीचशी औषधं त्या कुंपणाच्या आत पुरेशी पोचत नाहीत. त्यामुळं बाहेर होत्या त्या पेशी मेल्या. आत शिरलेल्या राहिल्या. गप्प बसल्या आणि मग वाढल्या."

"म्हणजे औषधापासून लपायला त्यांना तीच जागा चांगली," मी म्हणालो.

"हो." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "आणि एवढंच नाही. मेंदूभोवती पाणी असतं, तेच पाठीच्या कण्यातून खालपर्यंत फिरतं. काल काढलेल्या पाण्यातही पेशी मिळाल्यात. त्या तिथून निघणाऱ्या नसांवर बसतात. हनुवटी बधिर आहे म्हणाल्या ना त्या? ते त्यामुळं."

अण्णा फिल्मजवळ गेले. चष्मा काढून त्यांनी मोठा ठिपका अगदी जवळून पाहिला. "उघडून साफ करता नाही येत?"

"एकच गाठ असती तर विचार केला असता. पाच आहेत, आणि पाण्यातही पेशी आहेत."

"बरोबर," अण्णा म्हणाले. त्यांना पटलेलं दिसलं. एकाच जागचा दोष आणि सगळीकडं पसरलेला दोष यातला फरक त्यांना समजत होता. तो समजला नसता तर बरं झालं असतं.

"सूज उतरेल तसं एक-दोन दिवसांत त्यांना बरंच बरं वाटेल. भूक लागेल, बोलतील. त्यावरून फसू नका. डोक्याला शेक देऊ, म्हणजे रेडिएशन, दहा दिवस. त्यानं काही महिने मिळतील. नाही दिला तर आठवडे." मग त्यांनी पेन उचललं. "हे सगळं कधीपासून आहे?"

"पंधरा दिवस," अण्णा म्हणाले. "मशीन बिघडल्यापासून."

"मशीन?"

"शिलाईची."

डॉक्टरांनी लिहायला पेन टेकवलं. मी खिडकीकडं पाहिलं. बाहेर एक माणूस स्कूटरवर बसून पपई कापत होता. माझ्याकडं त्याक्षणी तीन विनोद तयार होते. त्यातला एक चांगला होता.

"सहा आठवडे," मी म्हणालो.

पेन थांबलं.

"सहा आठवडे झाले. ती डावी बाही जोडायची विसरत होती. म्हणजे विसरत नव्हती, तुम्ही म्हणालात तसं. मी जोडत होतो. एकतीस जोडल्या. म्हणून कुणाला कळलं नाही."

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

"मॅडम, सहा आठवडे आधी आणलं असतं तर?"

त्या सांगू शकल्या असत्या की काही फरक पडला नसता. माणसं तसं सांगतात. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "कदाचित पाचाऐवजी दोन दिसले असते. कदाचित तेव्हाही पाचच असते. पाण्यात पेशी तेव्हाही असत्या, की नसत्या, ते आता कुणालाच सांगता येणार नाही."

नऊ वर्षं झाली. ते वाक्य मी अजून कुठल्याच बाजूनं पूर्ण करू शकलेलो नाही.

"आणि एक," त्या दाराशी म्हणाल्या. "उद्या शेकासाठी त्यांच्या चेहऱ्याचा साचा घ्यायचा आहे. त्यांची सही लागेल. न सांगता मी सही घेणार नाही. संध्याकाळपर्यंत तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते."

बाहेर बाकावर आम्ही दोघं बसलो. समोर हात कसे धुवावेत याचा तक्ता होता, सात चित्रांचा. अण्णांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाले, "मशीन बिघडली नव्हती."

"काय?"

"पहिल्या दिवशीच बघितलं. टायमिंग जागेवर होतं. मशीनची चूकच नव्हती."

"मग तीनदा उघडली कशाला?"

"तू बाह्या कशाला जोडल्यास?"

एक आया बादली घेऊन आमच्या पायाखालून फडकं मारून गेली. आम्ही पाय वर घेतले आणि ती गेल्यावरही बराच वेळ तसेच वर धरून बसलो.

"तू सांग तिला," अण्णा म्हणाले. "तुला बोलता येतं."

मला बोलता येत नव्हतं. मला फक्त विषय बदलता येत होता. पण हा फरक समजावून सांगायची ती वेळ नव्हती.

एक वाजता वॉर्डात जेवण आलं. डॉक्टर म्हणाल्या तसं झालं होतं. आई उशीला टेकून बसली होती, चेहऱ्यावर तरतरी होती आणि तिला भयंकर भूक लागली होती. खणाखणांचं स्टीलचं ताट तिच्यापुढं ठेवलं. उजव्या बाजूचा वरणभात आणि कोशिंबीर तिनं बघता बघता संपवली. बोट चाटून म्हणाली, "संपलं. हॉस्पिटलवाले अर्धंच वाढतात बघ."

डाव्या बाजूला दोन चपात्या, बटाट्याची भाजी आणि केळं तसंच होतं.

मी ताट धरलं आणि अर्धं फिरवलं.

"अगं बाई," ती म्हणाली. "हे कुठून आलं?"

"इथंच होतं."

तिनं चपातीला हात लावला, पण तोडली नाही. ताटाकडं पाहत राहिली. तिनं आयुष्यभर कापडाचा तुकडा बघून कुठं काय कमी पडतंय ते ओळखलं होतं. आताही ती तेच करत होती, मला दिसत होतं.

"शशा, गुरव मॅडमना खरंच एकच बाही होती?"

"हो."

"आणि बाकीच्यांना?"

"बाकीच्यांना दोन. एक तुझी, एक माझी."

"तरीच." ती जराशी हसली. "कुंभारांची सून सांगत होती, काकू, डावा हात वर केला की सगळा ब्लाउज वर येतो. मी तिला म्हटलं, तुझाच हात लांब असेल." मग म्हणाली, "बगलेतली गोलाई उलटी लावत होतास तू. पुढची मागं."

"शेवटच्या दहा बरोबर होत्या."

"बघायला पाहिजेत." तिनं चपातीचा तुकडा तोडला, भाजी घेतली, खाल्ली, गिळली. मी वाट पाहत होतो. "डोक्यात गेलंय ना रे ते?"

घरात पहिल्यांदाच कुणीतरी थेट विचारत होतं. माझ्या तोंडात, सवयीनं, काहीतरी येत होतं. मी ते येऊ दिलं नाही.

"हो," मी म्हणालो. "पाच जागी. आणि पाठीच्या कण्यातल्या पाण्यात. हनुवटी त्यानंच बधिर झाली. उद्यापासून शेक द्यायचाय, तू हो म्हणालीस तर. मग काही महिने म्हणतात. नाही दिला तर त्याहून कमी." सगळं एका दमात बोललो. नंतर कळलं की मी तिच्या ताटातलं केळं सोलून हातात धरलं होतं.

ते काही महिने पाच निघाले. पण ते पुढं.

"पाच वर्षं झाली का?" तिनं विचारलं.

"नाही. दीड महिना कमी."

"नापास," ती म्हणाली.

मला इतकं मोठ्यानं हसू आलं की शेजारच्या पलंगावरची बाई दचकली. आईनं माझ्या हातातलं केळं काढून घेतलं आणि खायला लागली.

"अण्णांना माहितीय?"

"हो."

"कुठायत ते?"

अण्णा तिथंच होते. तिच्या पलंगाच्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर, स्टुलावर. सकाळी डॉक्टर मेंदूच्या त्या भागाबद्दल बोलत होत्या तेव्हा त्यांनी ते नीट ऐकून ठेवलं होतं आणि वॉर्डात येऊन, सगळ्या जागा सोडून, बरोबर त्या बाजूला बसले होते. खांद्यावरचा टॉवेल तोंडात कोंबला होता. आवाज अजिबात नव्हता, नुसतं अंग हलत होतं. मला त्यांनी हातानं खूण केली. नाही, नाही. मग चहाच्या कपाची खूण केली. चहा प्यायला गेलेत म्हण.

ते म्हणणं अगदी सोपं होतं. तिनं मान वळवली असती तरी ते तिला दिसले नसते.

"तुझ्या डावीकडं बसलेत," मी म्हणालो. "रडतायत."

अण्णांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी चोरी केलीय.

आईनं मान वळवली. थोडी वळली आणि थांबली, जणू खोली तिथंच संपत होती. तिनं पुन्हा प्रयत्न केला. मग सोडून दिला. उजव्या हातानं पलंगाच्या उजव्या कडेची चादर सरळ केली, एक सुरकुती होती ती ताणून काढली आणि तिथं दोनदा थापटलं.

"अहो," ती म्हणाली, "तिकडं कशाला बसलाय? इकडं या. रडायचंय तर मला दिसेल असं रडा."

अण्णा उठले. स्टूल उचललं. पलंगाला वळसा घालून या बाजूला यायला त्यांना बराच वेळ लागला.